लाल बोयापाशी थांबलेला ठिपका

१

खिडकीतून बोट पुढे जाताना दिसत होती. पडद्यावर ती उभी होती.

सकाळचे अकरा वाजले होते, लख्ख ऊन पडलं होतं, आणि बंदराच्या कंट्रोल रूममध्ये आम्ही तिघं जण कधी काचेबाहेर तर कधी पडद्याकडे बघत होतो. बाहेर बचाव बोट नंबर दोन लाल बोयाला, म्हणजे वाटेची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या पिंपाला, मागे टाकून खडकांच्या गल्लीत शिरली होती. गल्लीत सगळ्याच बोटींना माणसाच्या चालीने जावं लागतं, तशीच ती चालली होती. पडद्यावर मात्र तिचा हिरवा ठिपका बोयाला चिकटून बसला होता आणि बाजूला वेग लिहिला होता, शून्य.

"काका," वायरलेसवर बसणारी पोरगी पुटपुटली, "ते परत थांबलेत."

बोट थांबली असं नाही म्हणाली ती. ते थांबलेत म्हणाली.

हिला सगळे चिमणी म्हणतात. तिशी उलटली तरी आवाज बारीकच आहे म्हणून. तिला काम शिकवलं मी. या बंदरातली सगळी यंत्रं एके काळी माझ्या हाताखालून गेली आहेत. सगळे मला मिस्त्री म्हणतात, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी. त्या दिवशी मी आलो होतो ते माझ्या मेव्हण्याचं कपाट रिकामं करायला. एक रेनकोट, एक चष्म्याची डबी, दोन वह्या. धाकट्या बहिणीला हे काम जमणार नव्हतं.

मेव्हणा बोट नंबर एकचा कप्तान. एकेचाळीस दिवसांपूर्वी, पहाटेच्या दाट धुक्यात, गल्लीच्या पलीकडून दोन मच्छीमारांनी मदतीसाठी वायरलेसवर हाका मारल्या. कप्तान एकटाच निघाला. पडद्यावर त्याचा ठिपका लाल बोयापाशी आला आणि अकरा मिनिटं तिथेच उभा राहिला. बाराव्या मिनिटाला बोट वळणावरच्या खडकांवर फुटली. कप्तान गेला, आणि पलीकडे ते दोघंही गेले.

त्यानंतर बोट नंबर दोन आज पहिल्यांदा पाण्यात उतरली होती. आणि तिचाही ठिपका तिथेच अडला होता. अगदी त्याच जागी.

दारात वायरमन उभा होता. त्याला आम्ही ठिणगी म्हणतो, कारण तो जिथे हात लावील तिथे एकदा तरी उडतेच. एरवी त्याचं तोंड बंद नसतं. आज मात्र चेहरा पांढराफटक.

"मिस्त्री, मी कधीचा सांगतोय. त्यांचा पाय अडकलाय तिथे. ते कुठल्याच बोटीला पुढे सोडणार नाहीत."

"गप रे," मी खेकसलो. "बोट पुढे गेलीय. डोळे फुटले का तुझे?"

तेवढ्यात पडद्यावरचा ठिपका बोयापासून नाहीसा झाला आणि दुसऱ्याच क्षणी वळणाच्या पलीकडे उगवला. मधे काही नाही. चिमणीने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर आपटले आणि ती खोलीबाहेर पळाली.

२

बहिणीकडे पिशवी घेऊन गेलो तर ती दाराशीच बसली होती. मेव्हण्याचे बूट अजून उंबऱ्याजवळ तसेच, नाकं बाहेर करून ठेवलेले.

"दादा, परवा चौकशी समिती अहवाल लिहून टाकणार," ती म्हणाली. "साहेबांनी निरोप धाडलाय. काय लिहिणार तेही कळलंय मला. भिऊन थांबला, आणि वायरलेसवर खोटं बोलला."

"लिहू देत. कागदाचं काय एवढं?"

"काय एवढं?" तिने असं बघितलं की माझीच मान खाली गेली. "पलीकडच्या घरात त्या दोघा मच्छीमारांपैकी एकाची आई राहते. एकेचाळीस दिवस झाले, ती माझ्याकडे बघत नाही. मी दिसले की दार लावून घेते. माणूस गेला, ते मी गिळलं. पण तिचा मुलगा हाका मारत होता आणि माझा नवरा अकरा मिनिटं उभा राहून 'येतोय, येतोय' म्हणत होता, हे मी कसं गिळू? ते असे होते का रे दादा?"

मला लगेच 'नव्हता' म्हणता आलं नाही. यंत्रावर विश्वास ठेवण्यात माझी चाळीस वर्षं गेली होती. आणि यंत्र सांगत होतं की तो थांबला.

"लोक म्हणतात ते तिथे अजून उभे आहेत," ती हळूच म्हणाली. "लाजेने परत येता येत नाही म्हणून. ठिणगीची बायको सांगत होती."

माझं डोकं सणकलं. ठिणगीच्या बायकोला काय बोलायचं ते मनात बोलून घेतलं आणि चपला घातल्या.

"परवापर्यंत वेळ आहे ना? बस मग इथेच. मी बघतो कोण कुठे उभं आहे ते."

म्हणालो खरा. पण रस्त्याने जाताना एकच प्रश्न सोबत होता. शोधून काढलं आणि तो खरंच भिऊन थांबला असेल तर?

३

साहेब म्हणजे बंदराचे मुख्य. चांगला माणूस, फक्त कुठल्याही गोष्टीची जबाबदारी दिसली की दोन पावलं मागे सरकणारा.

"मिस्त्री, तुमचं दुःख मी समजू शकतो," त्यांनी सुरुवात केली.

"दुःख राहू द्या. दोन्ही बोटींच्या जीपीएसला कुणी हात लावला होता?"

ते चपापले. "हात असा नाही... आता ते भोंग्याचं प्रकरण होतं ना."

प्रकरण असं. बोट धक्क्याला बांधलेली असली तरी जीपीएसचा रिसिव्हर तिची जागा दर सेकंदाला थोडी इकडे, थोडी तिकडे दाखवतो. आकाशातून येणारा सिग्नल शेवटी, त्यात दोन-तीन मीटरची थरथर असतेच. कंट्रोल रूमच्या भोंग्याला मात्र वाटायचं की बोट कुणी सोडून नेली. दिवसातून आठ-दहा वेळा तो बोंबलायचा, आणि साहेबांच्या डोक्याची मंडई व्हायची.

"मग मी म्हणालो, काहीतरी करा बाबांनो."

"कुणाला म्हणालात?"

"मीटिंगमध्ये. सगळ्यांना."

"कधी?"

साहेबांनी पेपरवेट फिरवला. "अपघाताच्या दोन दिवस आधी. पण मिस्त्री, अपघातानंतर ठिणगीने रिसिव्हर तपासलाय. टेबलावर ठेवून, चालू करून. एकदम ठणठणीत. समितीने स्वतः बघितलं. उगाच यंत्रावर खापर फोडू नका."

"आणि ठिपका बोयापासून एका झटक्यात खडकावर कसा गेला? मधली वाट कुठंय?"

"धुक्यात सिग्नल गेला असेल. असं समितीचं मत आहे."

धुक्यात सिग्नल जात नाही, हे समितीला कोण सांगणार? मी वायरलेसचं रजिस्टर मागितलं. त्यांनी खळखळ न करता पुढे केलं. चिमणीचं अक्षर मोत्यासारखं, आणि सवय अशी की समोरचा खोकला तरी वेळ घालून लिहील. सहा बेचाळीस: 'येतोय, त्यांना धीर द्या.' सहा सेहेचाळीस: 'पुढे सरकतोय.' सहा एकोणपन्नास: 'बोया कधीच मागे पडला.' सहा त्रेपन्न: संपर्क तुटला.

मी ते पान दोनदा वाचलं. एकोणपन्नास ते त्रेपन्न, मधे काहीच नाही. खोकलासुद्धा नाही.

४

ठिणगी गोदामात केबलचं भेंडोळं सोडवत बसला होता. मला बघून ते भेंडोळं आणखीच गुंतवलं.

"रिसिव्हर तपासलास म्हणे."

"हो. ठणठणीत होता."

"कसा तपासलास ते सांग. पहिल्यापासून."

"बोट वर काढली तेव्हा पेटीत खारं पाणी. मी तो वाळवला, ब्रशने साफ केला. आतली ती बटणाएवढी बॅटरी गंजून गेली होती, ती काढून नवी घातली. चालू केला, खिडकीत ठेवला, जागा बरोबर दाखवली. हलवला तर ठिपकाही हलला. आणखी काय करायचं?"

मी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या! त्या बॅटरीवर त्याची सगळी आठवण असते. कुणी काय सेटिंग घातलं, ते तिच्या जिवावर टिकतं. बॅटरी गेली की रिसिव्हर कारखान्यातून आल्यासारखा कोरा. तू साक्षीदाराचं डोकं धुऊन पुसून काढलंस आणि मग त्याला विचारलंस, काय पाहिलंस म्हणून!"

त्याच्या हातातली केबल खाली पडली.

"सेटिंग कुणी घातलं होतं, ठिणग्या?"

"मी फक्त टाइप केलं, मिस्त्री! आईशप्पथ! साहेबांच्या टेबलावर चिठ्ठी होती माझ्या नावाची. दोन्ही बोटींना ही ओळ पाठव म्हणून. आकड्यांची एक लांबलचक ओळ. मी लॅपटॉप जोडला, केबल लावली, ओळ पाठवली. रिसिव्हरने होकार दिला. दोन्ही बोटींच्या. आदल्या दिवशी संध्याकाळी."

"कुणाचं अक्षर होतं?"

"सगळे आकडेच होते हो. आकड्यांत अक्षर कसं ओळखू? आणि चिठ्ठी मी तेव्हाच टाकून दिली."

त्याचं खरं वाटलं मला. लपवायला लागतं तेवढं डोकं त्याच्याकडे नाही. पण त्याने सांगितलेली वेळ माझ्या डोक्यात अडकून बसली. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी. म्हणजे त्या सेटिंगवर बोट नंबर एक पहिल्यांदाच निघाली होती, आणि तीही धुक्यात.

आणि बोट नंबर दोन त्या दिवसापासून बंद होती. बुडालेली नव्हती. तिची बॅटरी गंजलेली नव्हती. एका साक्षीदाराचं डोकं अजून शाबूत होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा जुना लॅपटॉप आणि केबल घेऊन बोट नंबर दोनवर चढलो. चालवणाऱ्याने आधी नाही म्हटलं. तो काल गल्लीतून आला तो तापाने फणफणला होता. मी म्हटलं, कप्तान माझा मेव्हणा होता, मला तर नाही ना तो अडवणार? तेव्हा कुठे त्याने इंजिन सुरू केलं.

लाल बोया आला. बोट मंदावली. बोटीवरच्या छोट्या पडद्यावर वेग कमी कमी होत गेला, सेकंदाला एक मीटरच्या आसपास आला, आणि एकदम शून्य. ठिपका थिजला. पाणी मात्र दोन्ही बाजूंनी सरकत होतं.

मी डोळे मिटून घेतले. धुक्यात काय दिसत असेल ते बघायचं होतं मला. आणि मग माझ्याही अंगावर काटा आला. एवढ्या हळू चालीत काही कळतच नाही! इंजिनाची धडधड तेवढी लागते, ती तर उभ्या बोटीतही लागते. समोर पांढरा अंधार असताना, पडद्यावर शून्य असताना, मलाही वाटलं असतं की ओहोटी मला धरून ठेवते आहे. लोक म्हणत होते तो पाय अडकलेला माणूस त्या क्षणी मी होतो.

"मिस्त्री!" चालवणारा ओरडला. ठिपका उडाला होता.

आम्ही तीनदा गल्ली पार केली. प्रत्येक वेळी मी ठिपका कुठे थिजला आणि कुठे उगवला ते लिहून घेतलं आणि मधलं अंतर काढलं. सातशे एकोणसत्तर मीटर. सातशे सत्तर. सातशे एकोणसत्तर. भुताला एवढं मोजून मापून वागता येत असेल तर मी त्याला मोजणीच्या खात्यात नोकरी दिली असती.

मग मी बोट धक्क्याला लावायला सांगितली, केबल जोडली आणि सरळ रिसिव्हरलाच विचारलं.

या यंत्रांशी शब्दांत बोलता येत नाही. आकड्यांची ओळ पाठवावी लागते. सुरुवातीला दोन ठरलेले आकडे म्हणजे 'ऐक', मग कुठल्या विषयावर ते, मग मजकूर किती लांब ते, मग मजकूर, आणि शेवटी सगळ्याची बेरीज. बेरीज जुळली नाही तर यंत्र नकार देतं. मजकूर रिकामा ठेवून विषय तेवढा पाठवला तर ते स्वतःच सांगतं, माझ्यात सध्या काय भरलंय. मी तेच केलं. रिसिव्हरने इमानदारीत ओळ परत धाडली.

त्यात लिहिलं होतं: बोटीचा वेग सेकंदाला एक मीटरहून कमी झाला की ठिपका जागीच धरून ठेव. हे ठीक. भोंगा बंद करायला हेच करतात. मग पुढचा आकडा, की बोट किती मीटर सरकली म्हणजे ठिपका सोडायचा. त्यासाठी दोन खण असतात. एका खणात सुटे, दोनशे पंचावन्नपर्यंत. दुसऱ्यात दोनशे छप्पनचे गठ्ठे. या रिसिव्हरला सुट्यांचा खण आधी लागतो.

पहिल्या खणात शून्य होतं. दुसऱ्यात तीन.

कुणीतरी तीन मीटर लिहायला गेलं होतं आणि दोनशे छप्पनचे तीन गठ्ठे लिहून बसलं होतं. सातशे अडुसष्ट मीटर. तेवढं सरकल्याशिवाय, किंवा वेग एकदम वाढल्याशिवाय, ठिपका सुटणारच नव्हता.

मेव्हणा थांबला नव्हता. अकरा मिनिटं तो माणसाच्या चालीने, धुक्यातून, त्या दोघांकडे चालला होता. त्या चालीच्या हिशेबाने वळण तीस-चाळीस मीटरवर आलं होतं. मला रडू आलं, आणि त्या चालवणाऱ्यासमोर ते मी लपवलंही नाही.

पण डोळे पुसून पुन्हा ओळीकडे बघितलं तेव्हा तोंडचं पाणी पळालं. गठ्ठे आधी, सुटे नंतर. ही पद्धत जुन्या, पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्रांची. ती यंत्रं भंगारात जाऊन बारा वर्षं झाली. या बंदरात ती पद्धत एकच माणूस शिकवायचा. टेबलावर पट्टी आपटून.

६

चिमणी खिडकीपाशी उभी होती. हेडफोन टेबलावर पडले होते.

"मी नाही घालत ते, काका. त्यांचा आवाज येतो त्यात."

"ठिणगीच्या नावाची चिठ्ठी तू लिहिलीस," मी म्हटलं.

तिने नाही म्हटलं नाही.

"साहेबांना शेवटची बेरीज जमणार नाही. ठिणगीला कुठलीच बेरीज जमत नाही. चिठ्ठीवरची बेरीज अचूक होती, नाहीतर यंत्राने नकार दिला असता. हाताने अशी बेरीज करणारं इथे तुझ्याशिवाय कोण आहे? आणि मोठा खण आधी लिहिणारं कोण आहे?"

"तुम्हीच शिकवलंत," ती अगदी हळू म्हणाली. "मोठा आधी. चुकलं की हातावर पट्टी मारायचात."

"मारायचो."

"यंत्राने होकार दिला होता, काका. ठिणगी सांगत आला, दोन्हींनी होकार दिला. मला वाटलं बरोबर झालं."

"होकार म्हणजे 'ऐकलं' एवढंच असतं गं. 'तुझं बरोबर आहे' असं यंत्र कधीच सांगत नाही."

"हे तुम्ही नव्हतं शिकवलं."

खरं होतं. नव्हतं शिकवलं. यंत्राने हो म्हटलं की मी पोरांना शाबासकी द्यायचो आणि चहा पाजायचो. एवढीच माझी मास्तरकी.

मी खुर्ची ओढून बसलो. पण प्रश्न अजून एक राहिला होता, आणि तो विचारायची मला भीती वाटत होती.

"सहा एकोणपन्नास ते त्रेपन्न. रजिस्टर कोरं का आहे?"

तिने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"मीच बोलले त्यांच्याशी. ते म्हणत होते, पुढे सरकतोय. पडदा सांगत होता, उभे आहेत. पलीकडून ते दोघं हाका मारत होते, त्यांचाही आवाज माझ्या कानात. मी चिडले, काका. मी म्हटलं, कप्तान, तुम्ही हलतच नाही आहात, लाल बोयापाशीच उभे आहात. ते म्हणाले, माझ्याही पडद्यावर तसंच दिसतंय खरं. मग म्हणाले, बरं. मग वाढवतो."

बाहेर कुठल्यातरी बोटीची घंटा वाजली.

"मी म्हटलं म्हणून त्यांनी वेग वाढवला. त्यांना वाटलं समोर सरळ पाणी आहे. आणि समोर वळण होतं. मला तेव्हा सेटिंगचं सुचलंसुद्धा नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की मी 'वाढवा' म्हटल्यासारखं झालं आणि ते गेले. म्हणून आमचं ते बोलणं मी लिहिलंच नाही. समितीला सांगितलं, ते येतोय म्हणत राहिले आणि थांबून राहिले." ती माझ्याकडे बघायला लागली. "काल बोट नंबर दोनचा ठिपका थांबला, तेव्हा वाटलं, ते मला सांगायला आलेत. आता तरी बोल म्हणून."

तिला थोबाडीत मारावी असं वाटलं मला. आणि तिला जवळ घ्यावं असंही वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"उद्या समितीपुढे तू बोलशील की मी बोलू?"

"मी बोलते," चिमणी म्हणाली.

७

समितीत तीन जण. त्यांना खणांचं गणित समजावताना माझा घसा बसला. शेवटी मी त्यांना उठवून बोट नंबर दोनवर नेलं आणि थिजलेला ठिपका डोळ्यांनी दाखवला. मग चिमणीने सांगितलं, सगळं, एकही शब्द न गाळता. तिच्यानंतर मी सांगितलं की हिचा हात ज्याने वळवला तो मी, यंत्र बदललं तेव्हा ज्याने पोरांना पुन्हा बोलावून शिकवलं नाही तोही मीच, आणि हे कागदावर आलं पाहिजे. साहेब खिशात काहीतरी शोधत राहिले. मग त्यांनाही काय वाटलं कोण जाणे, उठून म्हणाले की भोंगा बंद करा असं मी म्हणालो होतो आणि काय केलं ते विचारलं नव्हतं.

दाराशी त्या मच्छीमाराची आई बसली होती. कुणी बोलावलं होतं, माहीत नाही. मी बाहेर पडताना तिने माझी बाही धरली.

"म्हणजे तो येत होता?"

"येत होता, मावशी. वळणापर्यंत आला होता."

तिने बाही सोडली आणि भिंतीला हात धरून एकटीच निघून गेली. संध्याकाळी बहिणीने सांगितलं की पलीकडचं दार आज तिला बघून लागलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं होतं, मेव्हण्याची शेवटची दोन वाक्यं सोडून. ती सांगण्याचा हक्क माझा नव्हता. जिच्या कानात ती होती तिला मी बरोबर आणलं होतं. चिमणी अंगणात उभी होती, आत पाऊल टाकायचं धैर्य होत नव्हतं तिला.

बहीण उठली. मला वाटलं, आता ही ओरडणार, अंगावर धावून जाणार. मी मधे पडायच्या बेताने पुढे झालो. तिने मला हाताने बाजूला केलं.

"शेवटचं तुझ्याशी बोलले ना ते?"

चिमणीने मान हलवली.

"काय म्हणाले?"

"वहिनी, मी त्यांना म्हटलं की तुम्ही हलत नाही आहात..."

"तू काय म्हणालीस ते दादाने सांगितलं. ते काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं. मग वाढवतो."

"घाबरले होते?"

"नाही."

"चिडले होते? त्यांना कामात कुणी टोकलेलं खपायचं नाही."

"नाही वहिनी. अगदी साधं म्हणाले. तुम्ही बाजारातून काही आणायला सांगावं आणि त्यांनी बरं म्हणावं, तसं."

बहिणीने डोळे मिटले. ओठ हलले तिचे, तो शब्द स्वतःच्या तोंडात ठेवून बघितल्यासारखे. मग तिने चिमणीचा दंड धरला, चांगला घट्ट, दुखेल असा.

"मला त्यांचा शेवटचा शब्द कुणी सांगितला नव्हता. मी देवाला विचारायचे, भिंतीला विचारायचे. तो माझा होता गं. आणि इतके दिवस तू एकटी तो कानात घेऊन बसलीस?"

चिमणी हुंदके द्यायला लागली. हुंदक्यांतूनच माफी मागत होती.

"रडू नकोस," बहीण म्हणाली. "माफीबिफीचं नंतर बघू, मला आत्ता ते जमणार नाही. आत ये, बस इथे, आणि ते कसे म्हणाले ते पुन्हा सांग मला. हळू सांग."

चिमणीने बाहीने नाक पुसलं, आत आली, बहिणीच्या समोर जमिनीवर बसली, आणि सांगायला लागली.